घ्यावे की न घ्यावे? : चारशे डॉलरांचे धनुष्य

या सदराचे जुने वाचक जाणतातच की, आमचा धंदा वस्तू पारखण्याचा. वर्षभर आम्ही पंखे, पंप, शेगड्या आणि शिवणयंत्रे यांच्याविषयी लिहितो. दिवाळी अंकापुरता मात्र संपादक लगाम जरा सैल सोडतात, म्हणून यंदा धनुष्य घेतले आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याच्या हातातले मातीचे नव्हे. खरेखुरे, हरणाच्या शिकारीचे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विकत घेतलेले. "पुण्यातल्या माणसाला त्याचे काय?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण अक्काचा फोन आला तेव्हा मलाही तो सुचला नाही.

अक्काचा मुलगा तिकडे लॅन्सिंग शहराजवळ नोकरीला आहे. त्याच्या हाताखालच्या एका गोऱ्या गृहस्थाची थोडी जमीन, जमिनीला लागून मेपलचे रान, आणि रानात पांढऱ्या शेपटीची हरणे. तिकडे शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग करून परवाना काढला, की १ ऑक्टोबरपासून धनुष्याचा हंगाम सुरू होतो. बंदुकीचा मागाहून, १५ नोव्हेंबरला. भाच्याने वर्ग केला, परवाना काढला, चारशे डॉलरांचे धनुष्य घेतले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मचाणावर चढून बसला.

तिसऱ्या संध्याकाळी एक मादी आली. अडतीस वारांवरून त्याने बाण सोडला. दोरीचा आवाज होताच मादी खाली दबली आणि बाण फुप्फुसांत न जाता पाठीच्या वरच्या अंगाला लागला. रक्ताचे थेंब दोनशे पावले सापडले, पुढे नाहीत. विजेरी घेऊन दोघेजण मध्यरात्रीपर्यंत हिंडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाचा गुडघ्यांवर रांगत एकेक पान उलटून पाहत होता. मादी मिळाली नाही. वाचली असेल, असे तो गोरा गृहस्थ म्हणाला. पण जो माणूस रात्रभर तिला शोधतो त्याला असल्या वाक्याने झोप येत नाही. धनुष्य तळघरात बंबाच्या मागे गेले. भाचेसुनेने अक्काला सांगितले, अक्काने मला.

मग त्याचाच फोन आला. "मामा, तुम्ही एवढ्या वस्तू पारखता. एकच सांगा. मी स्वस्तातले घेतले म्हणून असे झाले का? हजार-बाराशेचे घेतले असते तर ती जागच्या जागी पडली असती का?"

कारखान्यात चाळीस वर्षे मी मोजमाप तपासण्याच्या खात्यात काढली. वस्तू हातात आल्याशिवाय मत द्यायचे नाही, हा आमचा नियम. २०२४ च्या उन्हाळ्यात चार महिने त्याच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा ते धनुष्य बंबामागून बाहेर काढले.

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ते यंत्रच आहे. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने १९६६ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते त्याला मिळाले. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितकी जड होत जाते. म्हणजे नेम धरण्याच्या क्षणीच हात सर्वांत जास्त थरथरतो. ॲलनने दोन्ही टोकांना चाके बसविली आणि त्यांचा आस मध्यावर न ठेवता बाजूला सारला. चाक अर्धे फिरेपर्यंत ओझे पूर्ण लागते. पुढे ते एकाएकी हलके होते. ऐंशी टक्के सवलतीचे साठ पौंडी धनुष्य शेवटी अवघ्या बारा पौंडांवर धरून ठेवता येते. पोते घेऊन जिना चढावा आणि शेवटच्या पायरीवर कोणी ते पाठीवरून उचलून धरावे, तसे. याला तिकडे कंपाउंड म्हणतात. ते जुळविण्यासाठी लागणाऱ्या षट्कोनी पान्याला ॲलन की म्हणतात, पण त्या ॲलनचा या ॲलनशी काही संबंध नाही. मला वाटत होते की असेल.

आता बाजार. नामांकित कारखान्यांची वरच्या दर्जाची धनुष्ये हजार डॉलरांच्या पुढे जातात, आणि तीही नुसती. साइट, भाता, बाण ठेवण्याचा रेस्ट हे सारे निराळे. खालच्या बाजूला चारशे-पाचशेत सर्व सामानासकट मिळणारी एक जात आहे. उदाहरणार्थ, डायमंडचे इन्फिनिट एज प्रो : ओढीचे वजन ५ ते ७० पौंड, ओढीची लांबी १३ ते ३१ इंच, जाहिरातीतला वेग सेकंदाला ३१० फूट. बेअर कंपनीचे क्रूझर जी-२ त्याच वळणाचे, ३१५ फुटांचे. एवढ्या मोठ्या पल्ल्यात जुळविता येणे हा या जातीचा मोठा गुण. दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा बाप एकच धनुष्य वापरू शकतात, आणि फेरफार घरी पान्याने होतो. (भाच्याचे धनुष्य या दोहोंतले नव्हे, तिसऱ्याच कारखान्याचे. ही खुलाशाची ओळ एवढ्याचसाठी की पुढे मी त्याच्या सामानाची निंदा करणार आहे.)

ते ३१० फूट कसे मोजतात ते पाहा. ओढ सत्तर पौंड, लांबी तीस इंच आणि बाण अवघ्या ३५० ग्रेनचा. आपल्याकडे स्कूटरच्या पत्रकावर लिटरला अमुक किलोमीटर लिहितात, त्यातलाच प्रकार. तीस इंच ओढ म्हणजे सहा फुटांहून उंच गडी हवा. आमचा भाचा पाच फूट आठ इंच.

येथेच पहिला दोष सापडला, आणि तो धनुष्याचा नव्हता. दोन्ही हात आडवे पसरून या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत इंच मोजावेत आणि अडीचने भागावे. ती साधारणपणे आपल्या ओढीची लांबी. भाच्याचे अडुसष्ट इंच भरले, म्हणजे ओढ सत्तावीस. धनुष्य होते एकोणतीसवर. दुकानातल्या पोराने उंची विचारली होती आणि अंदाजाने ठेवून दिले होते. दोन इंचांनी काय होते? डावा हात ताठ होतो, दोरी कोपराच्या आतल्या बाजूला फटकारते, मान मागे जाते आणि उजवा हात गालावर एका जागी टेकत नाही. त्याच्या डाव्या हातावरचा काळा व्रण मी फोटोत पाहिला होता. त्याला तो मर्दुमकीची खूण वाटत असे.

दुसरा दोष : ओढ अडुसष्ट पौंड. घरामागच्या अंगणात, ऊन पडलेले असताना, अंग मोकळे असताना ती ओढता येते. थंडीत दोन तास मचाणावर न हलता बसल्यावर धनुष्य आकाशाकडे करून, खांदे वाकवून ओढावे लागते. मादीने ती हालचाल पाहिलीच असणार. दोरी सुटण्याआधीच ती सावध होती.

तिसरा दोष सामानाचा. धनुष्याबरोबर आलेला रेस्ट ढिला होता, आणि दोरी ताणली जाऊन तिच्यात बसविलेले नेमाचे छिद्र फिरत होते. स्वस्त जातीत पैसे वाचवितात ते येथे. धनुष्याचे अंग, त्याची पाती, चाके यांना मी भिंग लावून तपासले. नाव ठेवण्याजोगे काही आढळले नाही. महाग धनुष्य ओढायला अधिक मऊ असते, सुटल्यावर हाताला कमी झटका देते, हे मी दुकानात दोन्ही हातांत धरून पाहिले आहे. ते खोटे नाही.

पण त्याचा प्रश्न होता वेगाचा, म्हणून गणित केले. दुकानात बाणाचा वेग मोजण्याचे यंत्र होते. जुन्या जुळणीवर, हलक्या बाणाने, २८५ फूट निघाले. अडतीस वार म्हणजे ११४ फूट. बाणाला लागले सेकंदाचे चाळीस शतांश. बाराशे डॉलरांचे धनुष्य त्याच जुळणीवर फार तर ३१० फूट देईल; तेव्हा लागतील सदतीस. म्हणजे आठशे डॉलर जादा देऊन मिळणार तीन शतांश सेकंद. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो. तो हरणाच्या कानी दहा शतांशांतच पोहोचतो आणि उडी मारण्यासाठी पाय गोळा करताना हरीण आधी खाली दबते. तीस शतांश दबायला मिळाले काय आणि सत्तावीस मिळाले काय, बाण वरूनच जायचा.

मग आम्ही धनुष्य सत्तावीस इंचांवर, साठ पौंडांवर आणले आणि चारशे ग्रेनचे जड बाण घेतले. वेग उतरून २४१ झाला. भाच्याचे तोंड उतरले. त्याला म्हटले, आता वीस वारांचे गणित कर. साठ फूट, पंचवीस शतांश. सावकाश बाण जवळून आधी पोहोचतो. शिवाय जड बाण आवाज कमी करतो. जोराची काळजी असेल तर ईस्टन या बाण बनविणाऱ्या कंपनीचा तक्ता हरणाला २५ ते ४१ फूटपौंड पुरेत म्हणतो. आमचे ५१ भरले.

नवी दोरी, चांगला रेस्ट, अर्धा डझन बाण आणि धारदार पाती यांना मिळून अडीचशे डॉलर लागले. पात्यांच्या बाबतीत मी कंजुषी करू दिली नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही. तो कापतो, आणि रक्त जाऊन प्राणी मरतो. बोथट पाते म्हणजे ती मेपलच्या रानातली रात्र पुन्हा.

राहिला नेम. अंगणात तो दहा-दहा बाण सोडी, शेवटचे चार मधोमध लागले की खूश होई. मी वही घातली. दिवसाचा फक्त पहिला बाण लिहायचा, अंग गरम होण्याआधीचा. कारण हरीण दुसऱ्या बाणाला थांबत नाही. वीस वारांवर चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात तीस दिवसांत अठ्ठावीस. तीस वारांवर तीसांत एकोणीस. "मामा, एकोणीस वाईट नाहीत," तो म्हणाला. मी म्हटले, उरलेल्या अकरांची नावे सांग. तो गप्प बसला. मर्यादा वीस वार ठरली.

तेव्हा घ्यावे की न घ्यावे? घ्यावे. नवशिक्याने तर हेच घ्यावे. पण अंगाला माप लावल्याशिवाय नव्हे, आणि किंमत सहाशे-साडेसहाशे धरूनच दुकानात जावे. जुने घेत असाल तर कापसाचा बोळा पात्यांवरून फिरवावा. धागा अडकला तर तेथे चीर आहे. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, कोणाला गंमत म्हणूनही सोडू देऊ नये. सारा जोर बाणाऐवजी धनुष्यातच जिरतो आणि ते फुटते. आणि ज्याचा नेम मुळात तीस वारांवरही पक्का आहे, वही तसे सांगते, त्याने मऊ ओढीसाठी हजार डॉलर खुशाल घालावेत.

आपल्याकडच्या वाचकांनी यातले शिकारीचे प्रकरण नुसते वाचायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर येथे हरणावर बाण रोखणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा असेच माझे मत आहे. मिशिगनात हरणे शेतांत नि रस्त्यांवर उदंड झाली आहेत, आपल्याकडे तशी स्थिती नाही. पण कंपाउंड धनुष्य म्हणजे परदेशी थेर असे मात्र कोणी समजू नये. २०२३ च्या ऑगस्टात बर्लिनला याच प्रकारात जगज्जेते झाले ते साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. त्यांची धनुष्ये निशाणाची, लांब आणि जड. शिकारीचे आखूड, मचाणावर फांद्यांत न अडकणारे. मुलीला साताऱ्यासारख्या मैदानावर पाठविणाऱ्या पालकांनी चारशे डॉलरांच्या शिकारी धनुष्याच्या जाहिरातीला भुलू नये, प्रशिक्षकाला विचारावे. मापाचा नियम मात्र तोच.

मी सप्टेंबरात परत आलो. ऑक्टोबरच्या शेवटी त्याचा फोन आला. मोठ्या शिंगांचा नर एकतीस वारांवर अकरा मिनिटे उभा होता, म्हणाला. घड्याळ लावून सांगत होता. "मग?" मी विचारले. "मग काय, गेला." धनुष्य उचललेच नव्हते.

नऊ नोव्हेंबरला आमच्याकडे पहाटे पुन्हा घंटा वाजली. मादी, सतरा वार. बाण आरपार जाऊन पलीकडे जमिनीत रुतला आणि ती साठ पावलांवर त्याच्या डोळ्यांदेखत पडली. तरीही तो नियमाप्रमाणे अर्धा तास मचाणावरून उतरला नाही. खाली उतरल्यावर आधी तिच्याकडे न जाता फोन मला केला. आवाज कापत होता. "पडली, मामा. सापडली," एवढेच दोनदा म्हणाला.

मांस त्या गोऱ्या गृहस्थाशी निम्मेनिम्म वाटून घेतले. त्याला कांदा-खोबऱ्याचे वाटण कसे मानवले ते भाचेसुनेने सविस्तर लिहून पाठविले आहे. तो कागद मी पाककृतीच्या सदराकडे दिला आहे.