प्यायला नव्हता, गोळी घेतली होती



मागच्या रविवारी भाचा जेवायला आला होता. मकरपुऱ्यात एका कारखान्यात तो शिफ्ट सुपरवायझर आहे. एरवी पुरणपोळीवर तुटून पडणारा मुलगा गप्प होता. विचारलं तेव्हा म्हणाला, "मावशी, परवा सकाळी क्रेनवर उचललेला माल भलतीकडेच झुलला. खाली दोघं होते, थोडक्यात वाचले. सगळे म्हणाले, क्रेनवाला प्यायला असेल. पण फुंकायच्या मशीनवर शून्य आलं."

झालं होतं एवढंच, की त्याने आदल्या रात्री सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. त्याची गुंगी रात्रीत संपतेच असं नाही, सकाळीही रेंगाळते. आपण जागे आहोत असं वाटतं, पण हात-डोळ्यांचा मेळ मंदावलेला असतो. फुंकायचं मशीन दारू ओळखतं, गोळी नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, नसांच्या दुखण्याचं प्रेगाबालिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम यांचंही तसंच. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकवलं तर साखर उतरून चक्कर येते.

"मग त्याने आधी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं तर घरी पाठवतात. रोज बुडतो."

खरी गोम इथे आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं कामगाराने जाणूनबुजून वागू नये, असं 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 111 सांगायचं. पण खरं बोलल्यावर चूल थंड होणार असेल तर कोण बोलेल?

सोमवारी भाच्याला अहवाल द्यायचा होता. 'निष्काळजीपणा' एवढंच लिहिलं असतं तर त्या माणसाची नोकरी गेली असती. त्याने गोळीचं लिहिलं, आणि "शिफ्टच्या आधी मी विचारलं नव्हतं" हेही लिहिलं. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण महिनाभर करून बघायला परवानगी मिळाली: शिफ्टच्या आधी प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न, "झोप येईल असं काही घेतलंय का?" आजाराचं नाव विचारायचं नाही. 'हो' म्हणेल त्याला त्या दिवशी स्टोअरचं काम, पगार पूर्ण.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज इंजिनिअर, सुपरवायझर आहेत. कुणाचे बाबा-काका अजून मशीनवर उभे राहतात. त्यांना एवढं सांगा: डॉक्टरांना आपलं काम काय ते आधी सांगायचं. फेक्सोफेनाडिनसारखी कमी गुंगीची औषधं असतात, ती चालतील का विचारायचं. नवीन औषध सुरू करताना पहिले दिवस सुट्टीचे धरता येतील का, तेही विचारायचं. आणि फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी कामासाठी परस्पर बंद करायची नाही, त्यात धोका जास्त.

जाताना भाच्याने डबा भरून पुरणपोळ्या नेल्या. दोन जास्तीच्या मागितल्या, क्रेनवाल्यासाठी.