प्रशिक्षक गेला तर करिअर, खेळाडू गेला तर गोंधळ?

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाक्षेत्रात सध्या 'सुधारणा' या शब्दाचा गजर चालू आहे. खेळाडूंना पैसे मिळू लागले, ते दरवर्षी कॉलेज बदलू लागले, निष्ठा संपली, खेळाचा बाजार झाला. आता कायदा करा, अशी ओरड विद्यापीठांचे अध्यक्ष, प्रशिक्षक आणि राजकारणी करत आहेत. जुलै 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॉलेज खेळ वाचवण्याच्या नावाने आदेशही काढला. पण वाचवायचे कोणाला, आणि कोणापासून?

बाजार आज झाला, हेच मुळात खोटे आहे. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे 2025 ते 2032 या आठ वर्षांचे हक्क 8.8 अब्ज डॉलरना विकले गेले, तो करार 2016 सालचा. तेव्हा खेळाडूला स्वतःचे नाव आणि छायाचित्र वापरून जाहिरातीचे पैसे घेण्याचीही बंदी होती. ती बंदी 1 जुलै 2021 ला उठली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढले आणि उरलेल्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे मान्य केले. म्हणजे बाजार भरलेलाच होता. ज्याच्या घामावर तो भरला, तोच फक्त वेशीबाहेर होता.

ही बंदी टिकली कशी? एका शब्दावर. तो शब्द म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू'. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली, आणि 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. असे दावे टाळण्यासाठीच हा शब्द रुजवला गेला, हे एनसीएए या नियामक संस्थेचे अनेक दशके प्रमुख राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच 1995 च्या आपल्या पुस्तकात मान्य केले आहे.

आम्हाला ही युक्ती नवी नाही. महारांच्या वतनालाही 'मान' म्हणत. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला रात्री-अपरात्री सरकारी कामाला जुंपले जाई. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. अमेरिकेतला खेळाडू आणि वतनदार महार यांची अवस्था एक नाही; अस्पृश्यतेची तुलना कशाशीही करू नये. पण श्रमाला श्रम न म्हणता मान म्हणायचे आणि मोबदला चुकवायचा, ही रीत तीच आहे.

आणि ते म्हणतात, शिक्षण हाच मोबदला आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 ते 2011 या काळात नावापुरते वर्ग चालले. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थी त्या वर्गांत होते, आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू. एनसीएएने 2017 मध्ये काय केले? आपल्या नियमांत हे बसत नाही म्हणून हात वर केले. खेळाडूने जाहिरातीचे पैसे घेतले की नियम, त्याचे शिक्षण लुटले गेले की नियम नाही!

आता निष्ठेचे पाहू. 1973 पासून सुमारे चार दशके शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच देता येत असे. पुढच्या वर्षी कॉलेज ती काढून घेऊ शके. उलट फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूने कॉलेज बदलले, तर त्याला साधारणपणे वर्षभर मैदानाबाहेर बसावे लागे. हे बंधन 2021 मध्ये सैल झाले. प्रशिक्षकाला असे बंधन कधीच नव्हते. नोव्हेंबर 2025 मध्ये लेन किफिन यांनी राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीत पोहोचलेला मिसिसिपीचा संघ ऐनवेळी सोडून एलएसयू गाठले. त्याला 'करिअरचा निर्णय' म्हटले गेले. हेच वीस वर्षांच्या पोराने केले की तो स्वार्थी! आणि हे कमाई करून देणारे दोन खेळ कोणाचे? ज्यांत कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने खेळतात आणि मुख्य प्रशिक्षक बहुतांश गोरे असतात.

सुधारणावाद्यांचे काही मुद्दे खरे आहेत. वारंवार कॉलेज बदलल्याने पदवी रखडते, दलाल कोवळ्या पोरांना फसवतात, श्रीमंत विद्यापीठे लहानांचे संघ पळवतात. पैशाची वाटणीही न्याय्य नाही. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत माजी खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलर मिळणार आहेत. त्यातला फार मोठा वाटा पुरुष फुटबॉल-बास्केटबॉलपटूंचा. म्हणूनच काही महिला खेळाडूंनी अपील केले. खेळाडूंच्या आतही उतरंड आहे, ती नाकारून चालणार नाही.

पण यावरचा उपाय कोण ठरवणार? एनएफएल आणि एनबीएमध्येही वेतनाला मर्यादा आहे, संघ बदलण्यावर बंधने आहेत. ती खेळाडूंच्या युनियनशी करार करून आलेली आहेत. कॉलेजांना बंधने हवीत, युनियन नको. त्याच तडजोडीतली पहिल्या वर्षाची प्रति कॉलेज सुमारे 2.05 कोटी डॉलरची मर्यादा कोणत्याही युनियनशी सौदा न करता आली. 2025 मध्ये मांडलेल्या 'स्कोअर' विधेयकाला एनसीएएसाठी मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट हवी आहे, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत हे कायद्यात लिहून हवे आहे. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंचा युनियनचा प्रयत्न 2015 मध्ये श्रम मंडळाने अधिकारक्षेत्र नाकारून संपवला. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन निवडली. वर्षअखेरीस तो अर्जही मागे घ्यावा लागला.

1938 मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हाही भाषा शांतता आणि शिस्तीचीच होती. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला, कारण काम नाकारण्याचा हक्क काढला की कामगार गुलाम होतो. 7 नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी संप केला. कॉलेज सोडण्याचा हक्क हा त्याच हक्काचा भाऊबंद आहे.

खरी सुधारणा करायचीच असेल, तर खेळाडूला कर्मचारी म्हणा, त्याची युनियन मान्य करा. दुखापतीनंतरचे उपचार, पदवी पूर्ण होईपर्यंतची शिष्यवृत्ती, महिला खेळाडूंचा वाटा आणि बदलीचे नियमही त्याच टेबलावर ठरू द्या. खेळाडूंच्या सहीचा नियम आम्ही शिस्त मानू. मालकांनी एकट्याने लादलेल्या नियमाला सुधारणा म्हणणार नाही.

जय भीम!