परक्या संघाचे पाठीराखे

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची बाद फेरी सुरू झाली की आपल्याकडील सुशिक्षित वर्तुळात एक आक्षेप हमखास ऐकू येतो. १९५० साली पात्रता मिळूनही भारताचा संघ या स्पर्धेला गेला नाही आणि त्यानंतर त्याला तेथवर पोचता आले नाही. अशा स्पर्धेत ब्राझील हरला म्हणून येथल्या तरुणाने रात्र जागून डोळे का ओले करावेत? ही आसक्ती उसनी आहे, दूरचित्रवाणीने आणि बाजाराने ती पढवलेली आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. त्यात तथ्याचा अंश आहे. तथापि पाठीराखा आपला पक्ष कसा निवडतो, याचा विचार या आक्षेपात केलेला नसतो. आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

प्रथम बाद फेरीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. साखळी सामन्यांत बरोबरीला जागा असते. दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो आणि प्रेक्षकालाही दोघांचे कौतुक करून मोकळे होता येते. बाद फेरीत ही सोय नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी क्रोएशिया आणि ब्राझील यांचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेनंतरही १-१ असाच राहिला, आणि पेनल्टीच्या फटक्यांवर ४-२ अशी सरशी करून क्रोएशियाने ब्राझीलला घरी पाठवले. त्याच महिन्याच्या १८ तारखेस अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत राहिला, तोही अखेर पेनल्टींवरच अर्जेंटिनाने जिंकला. एकाने उरायचे आणि एकाने जायचे, हा येथला नियम. असा सामना पाहणाऱ्याला फार वेळ तटस्थ राहता येत नाही. पक्ष घ्यावाच लागतो. प्रश्न इतकाच की तो कशाच्या आधारे घ्यायचा.

हा आधार वाटतो तितका मनमानी नसतो. भिलाईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. येथला पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच काळात राउरकेल्याचा कारखाना पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूरचा ब्रिटनच्या साहाय्याने उभारला गेला. १९६६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत शेवटच्या चारांत कोणते संघ पोचले हे पाहिले, तर एक विलक्षण योगायोग दिसतो. सोव्हिएत संघ, पश्चिम जर्मनी आणि इंग्लंड हे त्यांतले तीन. आणि चौथा पोर्तुगाल, ज्याची गोव्यावरील सत्ता १९६१ च्या डिसेंबरात, म्हणजे अवघ्या साडेचार वर्षांपूर्वी संपली होती. २५ जुलै १९६६ रोजी लिव्हरपूल येथील उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघावर २-१ असा विजय मिळवला. भारताच्या पोलादाच्या नकाशावर पाहिले तर हा राउरकेला विरुद्ध भिलाई असाच सामना होता! चार संघांपैकी एकही या देशाच्या इतिहासाला सर्वस्वी परका नव्हता.

या योगायोगाचे महत्त्व फाजील वाढवण्याचे कारण नाही. परंतु त्यातून एक गोष्ट निश्चित सूचित होते. दूरच्या संघाविषयी वाटणाऱ्या आपुलकीची मुळे बहुधा जवळच्या जमिनीत असतात. ही मुळे कधी मैत्रीची असतात, कधी जुन्या जखमेचीही. गोव्यात कळंगुट येथे २०२१ च्या डिसेंबरात पोर्तुगालचा खेळाडू क्रिस्तियानो रोनाल्दो याचा पुतळा उभारण्यात आला, तेव्हा त्याला विरोध झाला. ज्या सत्तेपासून मुक्त होऊन साठ वर्षे होत होती, तिच्याच देशाच्या खेळाडूचा पुतळा का, आणि गोव्याच्या स्वतःच्या खेळाडूंचा का नाही, असा विरोधकांचा सवाल होता. पुतळ्याकडे कौतुकाने पाहणारे आणि काळे झेंडे दाखवणारे, दोघेही आपापल्या परीने गोव्याचाच इतिहास वाचत होते. शिवाय १९६६ चा पोर्तुगालचा श्रेष्ठ खेळाडू युसेबियो हा स्वतः मोझांबिकचा, म्हणजे त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या एका वसाहतीचा पुत्र होता, हे लक्षात घेतले तर ‘आपला’ आणि ‘परका’ या शब्दांची सरळ वाटणी आणखी अवघड होते.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे. विश्वचषकाच्या दिवसांत तेथल्या पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे फडकतात, चौकाचौकांत खेळाडूंचे फलक उभे राहतात आणि एका गल्लीची हार ही दुसऱ्या गल्लीची दिवाळी होते. आक्षेपकाला यात निव्वळ अनुकरण दिसेल. वस्तुतः कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावे तेथे कुस्तीइतकीच फुटबॉलशीही जोडलेली आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते. पेठेपेठेतली चुरस तेथे आधीपासून होती. दक्षिण अमेरिकेच्या दोन देशांनी तिला केवळ नवे रंग पुरवले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला, हेही त्याच जमिनीचे पीक होय.

या आसक्तीचे स्वरूप ठरवताना भारतीय काव्यशास्त्राचा आधार घेता येईल. रसास्वादाच्या वेळी रंगभूमीवरील भाव प्रेक्षकाला माझे, शत्रूचे किंवा तिऱ्हाइताचे असे वाटत नाहीत. ते साधारणीकृत होतात, असे आपले आचार्य सांगतात. या कसोटीवर पाठीराख्याचे दुःख रस ठरत नाही, कारण त्याचा एक पक्ष असतो. पण ते सर्वस्वी लौकिकही म्हणता येत नाही. अर्जेंटिना जिंकल्याने कोल्हापूरच्या तरुणाला काही प्राप्ती होत नाही, हरल्याने त्याचे काही जात नाही. स्वार्थाचा लेश नसताना पक्षपात मात्र पूर्ण, अशी ही मधली अवस्था आहे. जेथे पैज लागते, शिवीगाळ होते किंवा डोकी फुटतात, तेथे ती लौकिकात कोसळते. एरवी ती कलानुभवाच्या उंबरठ्यावर उभी असते. तिची टवाळी करण्यापेक्षा तिची मीमांसा करणे साहित्याच्या अभ्यासकाला अधिक शोभेल.

आणि पक्ष निवडलेला आहे म्हणून तो उसना, हे तर साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूच नये. छत्तीसगडच्या भूमीवर तरी नाहीच. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी आपली लेखणी हिंदीच्या सेवेला वाहिली आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. भिलाईपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध यांचीही घरची भाषा मराठी. ते हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषांचे पक्ष घेतले. त्यांपैकी कोणाची निष्ठा उसनी होती? जन्माने मिळालेली निष्ठा आणि निवडलेली निष्ठा यांत मोठी-लहान अशी प्रतवारी लावता येत नाही. निवडलेल्या निष्ठेची परीक्षा वेगळी असते: तिच्यासाठी माणसाने काय वेचले?

आक्षेपकाच्या म्हणण्यातला ग्राह्य अंश या परीक्षेतूनच हाती येतो. कोल्हापूरच्या पाठीराख्याजवळ रात्रीच्या सामन्यानंतर जायला स्वतःचे मैदान आहे. त्याची तालीम आहे, तिच्या जयापजयाचा हिशेब आहे. म्हणून त्याचा ब्राझील पोकळ नाही. भिलाईच्या दक्षिणेस असलेल्या उतईचा विचार याच दृष्टीने करावा लागेल. एकीकडे छत्तीसगडी भाषा आणि भाताची शेते, दुसरीकडे पोलादनगरीत सर्व प्रांतांतून येऊन वसलेली कामगारांची घरे; त्यात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्याने देशभरचे तरुण काही काळ या गावी एकत्र येतात. बंगालचा मुलगा, केरळचा मुलगा, विदर्भातला मुलगा आणि गावचा मुलगा यांना समान अशी मातृभाषा नाही. अशा ठिकाणी बाद फेरीचा सामना ही बोलण्याची एक समाईक जागा होऊ शकते. एकमेकांच्या जातीपातीची चौकशी न करता, ‘तू कोणाकडून?’ असे विचारता येईल आणि उत्तर निर्भयपणे देता येईल, अशी ती जागा आहे. आपल्या समाजात अशा जागा थोड्या आहेत.

तेव्हा उतईच्या तरुणाने ब्राझीलसाठी का रडावे, हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो गावच्या कारभाऱ्यांना, शाळांना आणि क्रीडासंस्थांना विचारायला हवा, आणि वेगळ्या शब्दांत: रात्री ज्याने परक्या संघाचा पक्ष घेतला, त्याला सकाळी स्वतःचा संघ करून उतरता येईल असे मैदान गावात राखले आहे काय? १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. बाद फेरीत भारतीयांना स्वतःचाच पक्ष घेता आला, असे क्षण आपल्या वाट्याला आलेले आहेत. ते पुन्हा यायचे तर पाठीराख्याची आसक्ती हेच त्यांचे भांडवल आहे. त्या आसक्तीला हसून ते वाढणार नाही. तिला पाय ठेवायला जागा दिली तर वाढेल.