वणव्याची गावकी



आग विझवायला माणसं पाहिजेत. कायम नोकरीतली नकोत, पेन्शनवाली तर नकोतच. अर्धवेळ पाहिजेत. धूर दिसला की धावणारी आणि धूर विरला की गुमान घरी जाणारी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात दर उन्हाळ्याला ही भरती होते. तिची जाहिरात मी कधी पेपरात पाहिलेली नाही. फॉरेस्टवाला येतो, वडाखाली गाडी लावतो, चार पोरांकडं बोट करतो. झाली भरती!

पुण्या-मुंबईत खोली करून राहणारी आपली पोरं विचारतात, "गावाकडं होमगार्डचा फॉर्म निघालाय. कुणी आपदा मित्राचं ट्रेनिंग म्हणतंय. फॉरेस्टवाला वणव्याच्या कामाला बोलावतोय. जावं का?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटका नाही. म्हणून हे पान.

पहिल्यांदा एक कबूल करू. गरज खरी आहे. नाणेघाट, हातवीज, आहुपे, भीमाशंकर हा पट्टा फेब्रुवारी उलटला की वाळल्या गवतानं पिवळा होतो. वनखात्याच्या हिशेबानं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. एक ठिणगी पडली की महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्यांभोवतीचा डोंगर पेटतो. हिरड्याची झाडं होरपळतात. म्हणजे घरातलं मीठमिरचीच होरपळतं. खाली नारायणगाव-मंचरच्या बागायतीत वीजतारांच्या ठिणगीनं ऊस पेटतो. उसाच्या बांधावरच्या कोप्यांत कोण राहतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि बंब? घटना उघडून बघा. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. नगरपालिकांच्या कामांची ती यादी. तिच्यात सातव्या नंबरवर अग्निशमन आहे. त्याच वर्षीच्या ७३ व्या दुरुस्तीनं पंचायतींना अकरावी अनुसूची दिली. तिच्यात २९ विषय आहेत, अग्निशमन नाही. शहराची आग हे सरकारी काम आणि वाडीची आग हे वाडीचं नशीब, असा हा कारभार.

३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. रस्त्यानं आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला पत्ता लागला. आपत्ती दलाचे जवान मागून आले, त्यांनी जीव तोडून काम केलं. पण डोंगरात पहिला हात शेजारच्या वाडीचाच पोचतो. आग असो, दरड असो. तेव्हा शिकलेलं, साधनं असलेलं स्थानिक पथक हवंच. वाद त्याबद्दल नाही.

वाद आहे तो कुणाला, कुठल्या अटीवर उभं करणार याचा.

१९२७ साल आठवा. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली. पाण्याला हात लावायचा हक्क आपण घेतला. त्याच साली इंग्रज सरकारनं भारतीय वन कायदा केला. त्याचं ७९ वं कलम वाचा. जंगलात गुरं चारणारा, लाकूडफाटा आणणारा, आणि जंगलाला लागून असलेल्या गावात गावकीच्या कामाबद्दल सरकारकडून मोबदला घेणारा माणूस... त्यानं वणवा दिसताच कुणी बोलवायची वाट न बघता विझवायला लागायचं. नाही लागला तर मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाण्याला हात लावला तर डोकी फोडली आणि आगीला हात लावला नाही तर तुरुंग! कलम आजही कायद्यात आहे.

१९२७ साली गावकीचा मोबदला घेणारे कोण होते? पाटील होता, कुलकर्णी होता, आणि महार होता. डोंगर पेटल्यावर यातला कोण चावडीवर बसून हुकूम सोडत असेल आणि कोण फांदी घेऊन ज्वाळेत शिरत असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. १८७४ च्या त्या कायद्यानं महाराला गावाला बांधून ठेवलं होतं. कामाला तास नाही, सीमा नाही. वतनदार घरी नसला तर घरातला दुसरा कुणी राबायचा. बिलाचा रोख साधा होता. कामं नक्की करा, मोबदला धड द्या, ज्याला सुटायचंय त्याला सुटू द्या. वतनं मोडायला पुढं १९५८ चा कायदा यावा लागला.

मी हे का उगाळतोय? कारण बाबासाहेबांचे ते तीन प्रश्न आजच्या प्रत्येक फॉर्मला विचारायचे आहेत. काम काय? मोबदला काय? सुटका कशी?

होमगार्ड घ्या. १९४६ च्या दंगलीत मुंबईत उभी राहिलेली ही संघटना, १९४७ चा तिचा कायदा. आग, पूर, बंदोबस्त, सगळ्याला मदत. दहावी पास, वय २० ते ५०, पुरुषाला १६२ सेंटिमीटर उंची, १६०० मीटर धावणं, बाईला १५० सेंटिमीटर, ८०० मीटर, शिवाय गोळाफेक. राहणं त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. नोकरी करत असशील तर मालकाचं ना-हरकत पत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवसाचा भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला. चांगलंय. पण ज्या दिवशी बोलावणं, त्याच दिवशी भत्ता. आणि ब्रीदवाक्य काय, तर "निष्काम सेवा"! वा रे वा! फळाची आशा न धरता राबा, हे आपल्या बापजाद्यांना दोन हजार वर्षं कुणी सांगितलं? आमची सेवा सकाम आहे. भाकरीची कामना आहे, पोराच्या फीची कामना आहे. त्यात लाज कसली?

आपदा मित्र घ्या. केंद्र सरकारनं २०१६ साली सुरू केलेली योजना. पुढं ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट, विमा. हे शिक्षण घ्याच. पण बारा दिवस रोजंदारी बुडवून कोण बसणार? ज्याच्या घरी संध्याकाळची चूल सकाळच्या मजुरीवर पेटते, तो पोरगा तिसऱ्या दिवशी गैरहजर राहतो. मग साहेब म्हणणार, "यांना शिस्तच नाही!"

आणि तिसरी ती वडाखालची भरती. हिला उंची लागत नाही, दहावी लागत नाही, फॉर्म लागत नाही. म्हणून ती आपल्याच वाट्याला येते. जाळरेषा काढा, डोंगरावर नजर ठेवा, पेटलं की ओल्या फांद्या घेऊन पळा. आता उपग्रहावरून आगीचा ठिपका टिपून वनखात्याच्या मोबाईलवर निरोप पडतो. निरोप आभाळातून येतो आणि विझवणाऱ्याच्या पायात फाटकी स्लीपर असते.

एप्रिल २०२१ मध्ये गोंदियाकडं नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मेले. मेल्यावर पाच लाखांची मदत जाहीर झाली. जिवंतपणी अंगावर काय घातलं होतं, हातात काय दिलं होतं, हा सवाल मात्र राखेसंगट उडून गेला.

कुणी म्हणेल, गरीब देशात एवढी चैन परवडत नाही. इंग्लंडातल्या गावांतही अर्धवेळ अग्निशामक आहेत. तिथला सुतार, दुकानदार, बाई, कुणीही. स्टेशनपासून काही मिनिटांत पोचता येईल एवढ्या अंतरावर राहायला हवं, ही मुख्य अट. पण तयार राहण्याचे वर्षाचे पैसे वेगळे, सरावाचे वेगळे, आगीवर गेल्याचे वेगळे. नुसतं वाट बघत बसणं हेही काम आहे, हे त्या व्यवस्थेनं मान्य केलंय. आमच्याकडं येसकरानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीवर वाट बघत रात्री काढल्या, त्याचे पैसे अजून कुणी मोजलेले नाहीत.

आपल्यातले काही जहाल मित्र म्हणतात, "फॉर्मच भरू नका, ही नवी गावकी आहे." मला हे पटत नाही. आपण नाही गेलो तर सरपंचाचा भाचा किट घेईल, फोटो काढील, आणि डोंगर पेटल्यावर कातकऱ्याच्या पोरालाच पुढं ढकलील. विद्या घ्यायची, किट घ्यायचं, पथकात शिरायचं. पण वाकून नाही.

म्हणून मागण्या रोखठोक. भरतीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलीच पाहिजे आणि ग्रामसभेत, वाडीवस्तीवर वाचून दाखवली पाहिजे. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. साडेतीन महिने असो वा चार, हंगामभर तयार राहण्याचा मोबदला वेगळा आणि आगीवर गेल्याचा वेगळा. बूट, हातमोजे, तोंडाला मास्क, विमा हे सगळं आगीजवळ जायच्या आधी. वनरक्षकाच्या कायम भरतीत या हंगामांना गुण. आणि मोळीला जाणाऱ्या बायांना पथकात बरोबरीची जागा, कारण डोंगरातली चोरवाट साहेबाच्या नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

हे निवेदन आपण जुन्नर आणि घोडेगावच्या तहसील कचेरीत द्यायचं आहे, १५ फेब्रुवारीच्या आत. शहरातल्या पोरांनी मसुदा टाईप करायचा, माहितीच्या अधिकारात विचारायचं की गेल्या तीन हंगामांत किती मजूर लावले, किती दिवसांचे पैसे दिले, किती जणांचा विमा काढला. गावातल्यांनी सह्या-अंगठे गोळा करायचे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, बौद्ध, मातंग... जो जो फांदी घेऊन डोंगरावर जातो त्याची सही त्यावर हवी.

आणि तोवर वडाखाली गाडी थांबलीच, बोट तुझ्याकडं वळलंच, तर शांतपणे विचार: "साहेब, हजेरीपटावर नाव कुठंय? बूट कुठायत?" उत्तर लिहून घे. खाली तारीख टाक.

जय भीम!