पदवीधरांना एम.ए.चा उपदेश, रिकाम्या जागांना कुलूप



पदवीचे निकाल लागले की रेल्वे कॉलनीत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो. पोरगा बी.ए. झाला, पोरगी बी.कॉम. झाली, आता पुढे काय? यावर शहाण्यांचा सल्ला ठरलेला असतो. "शिकू द्या की अजून! एम.ए. करू द्या, एम.बी.ए. करू द्या. नुसत्या पदवीला आता कोण विचारतो?" भुसावळच्या कामगाराला हा सल्ला मिळतो, तसाच इटारसी-खंडव्याच्या आणि सिकंदराबाद-हुबळीच्या मराठी कामगारालाही मिळतो. सल्ला देणारे प्राचार्य असोत, वर्तमानपत्रांच्या 'करिअर' पुरवण्या असोत की मंत्रिमहोदय. आमच्या मते ही निव्वळ पळवाट आहे. नोकरी द्यायची नाही म्हणून पोरांना आणखी दोन वर्षे वर्गात कोंडून ठेवायचे आणि त्याचा खर्च बापाच्या पी.एफ.मधून वसूल करायचा, असा हा व्यवहार आहे.

परक्यांचे सोडा, आपल्याच दोन खात्यांत या एम.ए.ची किंमत काय ते पाहू. रेल्वे भरती मंडळाच्या एन.टी.पी.सी. परीक्षेत स्टेशन मास्तर, मालगाडीचा गार्ड, सीनियर क्लार्क या जागांना कोणतीही पदवी चालते. एम.ए.ला तेथे एक गुणही जादा मिळत नाही. असिस्टंट लोको पायलट व्हायचे तर आय.टी.आय. किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो, इतिहासाचा एम.ए. त्या अर्जाला पात्रसुद्धा नाही. पोस्टात ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. म्हणजे पोराने पुढे पाच वर्षे शिकून काय मिळवले याच्याशी खात्याला कर्तव्य नाही, सोळाव्या वर्षी गणितात किती पडले एवढेच पाहायचे! आणि त्या जागेचे मोल काय? जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामाला मूळ भत्ता दहा हजार, शाखा डाकपालाला बारा हजार, वर महागाई भत्ता. पण नियमित सरकारी नोकराचा दर्जा नाही. पदवी घेतलेली कितीतरी मुले आज खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन खेडोपाडी फिरत आहेत. त्या कामात कमीपणा नाही, कमीपणा आहे तो त्यांना 'खात्याबाहेरचे' ठेवणाऱ्या धोरणात.

अपवाद आहेत, ते लपवायचे कारण नाही. रेल्वेत हिंदी अनुवादकाच्या जागेला एम.ए. लागते. कॉलेजात शिकवायचे तर एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट हवी. पण नेट पास झालेला प्राध्यापकही महाराष्ट्रात वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर, राबताना दिसतो. सप्टेंबर २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयात शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले, त्यांत २५५ पीएच.डी. होते. याहून वरची पदवी विद्यापीठात नाही. मग त्या २५५ जणांना या सल्लागारांनी कोणता सल्ला दिला असता? उलट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शिपायाला नोकरी नाकारणे योग्य ठरवले. कारण जाहिरातीत पदवीधर अपात्र होते आणि त्याने आपली पदवी लपवली होती. शिकले तरी गुन्हा, लपवले तरी गुन्हा!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुणांपैकी लिहिता-वाचता न येणाऱ्यांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधरांत २९.१ टक्के. यावरून 'शिक्षण वाईट' असा अर्थ कोणी काढील तर तो मूर्खपणा ठरेल. निरक्षर मजुराला एक दिवस घरी बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो पत्करतो, म्हणून तो 'बेकार' गणला जात नाही इतकेच. पदवीधर थांबतो, कारण आपल्यासारख्या बापाचा पगार चालू असतो. सरकारने जे टाळले ते ओझे या पगारावर पडले आहे.

आता दुसरी बाजू. जागाच नाहीत काय? ऑगस्ट २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की १ जुलै २०२३ रोजी रेल्वेत गट क च्या सुमारे २ लाख ४८ हजार जागा रिकाम्या होत्या. हा आकडा युनियनचा नव्हे, सरकारचा आहे. १९९०-९१ मध्ये रेल्वेत साडेसोळा लाख कामगार होते, आता सुमारे बारा लाख आहेत. गाड्या आणि मालवाहतूक मात्र वाढतच गेली. रात्रपाळीला जोडीदार नाही, साप्ताहिक सुट्टी रद्द, दोन-दोन बीट एकाच पोस्टमनच्या गळ्यात. जी जागा तुमच्या शेजारी रिकामी आहे तीच तुमच्या पोराची बेकारी आहे!

भरती निघते तीही कशी? फेब्रुवारी २०१९ मध्ये एन.टी.पी.सी.च्या ३५ हजारांवर जागांची जाहिरात आली. अर्ज सव्वा कोटी. पहिली परीक्षा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली, निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला. त्यातही एकाच उमेदवाराचे नाव अनेक श्रेणींत मोजून वीसपट यादी भरलेली दाखवली, तेव्हा बिहार आणि उत्तर प्रदेशातील पोरे रुळांवर उतरली. त्यांना लाठ्या मिळाल्या, पण मार्चमध्ये सरकारला प्रत्येक श्रेणीत वीसपट वेगळे उमेदवार घेणे मान्य करावे लागले. हे कोणत्या करिअर सल्ल्याने झाले? जाहिरातीच्या वेळी एकवीस वर्षांचा असलेला मुलगा दुसरी परीक्षा देताना चोविशीत पोहोचला होता. मधल्या काळात त्याने एम.ए. केले असेल तर ते ज्ञानासाठी नव्हे. कोणी 'काय करतोस?' असे विचारले तर उत्तर असावे म्हणून. आता रेल्वेने भरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर केले आहे. पण ते जाहिरातींचे वेळापत्रक आहे, नेमणुकांचे कुठे आहे? २०२४ च्या एन.टी.पी.सी.त जागा ११,५५८ आणि अर्ज १ कोटी २१ लाखांवर!

इथे आपल्याच बांधवांशी थोडे कडू बोलले पाहिजे. पूर्वी ठरावीक वयात स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुलाला नोकरी लावण्याची 'लार्सजेस' योजना होती. गँगमन आणि ड्रायव्हर बांधवांनी तिच्यावर मोठी भिस्त ठेवली. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती समानतेच्या तत्त्वात बसत नाही असे म्हटले आणि २०१८ मध्ये रेल्वे बोर्डाने ती बंद केली. आजही शाखेच्या बैठकीत 'ती योजना परत आणा' हाच सूर निघतो. पण गँगमनच्या पोराला दार उघडायचे आणि हमालाच्या पोराला बंद ठेवायचे, ही मागणी घेऊन आपण कोणासमोर उभे राहणार? मार्च २०१८ मध्ये माटुंगा-दादरला अप्रेंटिस मुलांनी रूळ अडवला, तेव्हा 'आमची लोकल अडवली' म्हणून कुरकुरणाऱ्यांत आपलेही काही लोक होते. ती मुले आपल्याच वर्कशॉपांत काम शिकली होती.

म्हणून ज्या घरात यंदा पदवीचा निकाल लागला आहे त्यांना आमचे सांगणे साधे आहे. मुलीला विषयाची खरी ओढ असेल आणि पुढे कोणत्या जागेला ते शिक्षण लागते हे माहीत असेल, तर पोटाला चिमटा घेऊन शिकवा. केवळ वेळ काढायला दोन वर्षांची फी भरू नका, त्यापेक्षा आय.टी.आय.चा ट्रेड बरा. आणि शाखेच्या पुढल्या बैठकीला येताना आपल्या स्टेशनवर, डेपोत, पोस्ट ऑफिसात मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि कोणती जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे, हे कागदावर लिहून आणा. बेकार पदवीधर मुलांनाही सोबत आणा. निवेदन त्यांच्याच हातून डी.आर.एम. आणि पोस्टमास्तर जनरल यांच्या टेबलावर जाऊ द्या.