सोवळी : व्रत की सक्ती?

१/ ‘कोणताही पक्ष सोवळा नाही’ हे वाक्य आज कुणाला खटकत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप उच्चारले की डोळ्यांपुढे केस काढलेली, लाल आलवणातली विधवा उभी राही. #थ्रेड

२/ मूळ अर्थ कर्मकांडातला. स्नानानंतर, कुणाचा स्पर्श होऊ न देता नेसायचे वस्त्र म्हणजे सोवळे. ते नेसून पूजा वा स्वयंपाक करणारी व्यक्ती सोवळ्यात. ही अवस्था काही घटकांची. वस्त्र बदलले की संपे.

३/ या कल्पनेलाच संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात आव्हान दिले. देहाची उत्पत्तीच विटाळातून होत असेल, तर सोवळा कोण, असा त्यांच्या अभंगाचा सवाल आहे.

४/ ब्राह्मण विधवेच्या बाबतीत ही तात्पुरती अवस्था आजन्म झाली. केशवपन केलेली ती सोवळी, केस राखणारी ती सकेशा. विधवेची वेणी मृत पतीला बंधन ठरते, या काशीखंडातील वचनाचा आधार दिला जाई.

५/ विसंगती पाहावी. सोवळीच्या हातचा स्वयंपाक नैवेद्याला चाले. सकेशेच्या हातचे पाणीही कर्मठ घरांत वर्ज्य. तरीही मंगलकार्यात सोवळीचे दर्शन अशुभच. तिची शुद्धता घराच्या उपयोगाची होती, तिच्या नव्हे.

६/ त्यागामागे कुळाच्या अब्रूची भीती होती. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी वपनास नकार देण्याचे ठरवले.

७/ ‘ती सोवळी झाली’ या वाक्याची कर्ती तीच, जणू निर्णयही तिचाच. वस्तरा बोलावणारे सासर-माहेर वाक्याबाहेर राहतात. काहींनी हे श्रद्धेने पत्करलेही असेल. पण जिथे नकाराची मुभा नाही, तिथे त्याग हा शब्द वापरणे म्हणजे सक्तीला व्रताचे नाव देणे होय.

८/ आज पुल्लिंगी ‘सोवळा’ ढोंग उघडे पाडायला उरला आहे; ‘सोवळी’ जवळजवळ विस्मृतीत गेली. घराण्यांच्या इतिहासांत मात्र ‘पणजीबाई सोवळ्या होत्या’ असे आदराने लिहिलेले सापडते. त्या वाक्यापुढे, केस काढले तेव्हाचे त्यांचे वयही लिहावे.