बंब घेतलेत, आता माणसे भरा

गावात नगरपालिका असो, नगरपंचायत असो की नुसती ग्रामपंचायत, ही विनंती सर्वांना आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी आपल्या भागातल्या अग्निशमन केंद्रावर जा. तिथला लालभडक बंब पाहून समाधानाने परत येऊ नका. पाळीवर किती माणसे आहेत ते मोजा. कमी असतील, आणि बहुतेक ठिकाणी ती कमीच आहेत, तर ती भरून घेण्यासाठी उभे राहा. कडब्याच्या गंजी, उभा ऊस, कापसाची गोदामे आणि वातानुकूलन यंत्रांनी तापलेले दवाखाने, हे सगळे मार्च ते जूनमध्ये सहज पेटते. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

एका बंबाला माणसे किती लागतात, हे समजून घेण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. वर्दी आली की गाडीवर सहा जण असावे लागतात. चालक, जो घटनास्थळी पोहोचल्यावर पंपही सांभाळतो. एक लिडिंग फायरमन. आणि चार फायरमन. त्रेसष्ट मिलिमीटरच्या होजमधून पूर्ण दाबाने पाणी सुटले की तो एकट्याला आवरत नाही, दोघांना धरावा लागतो. धुरात शिरायचे तर पाठीवर श्वसनयंत्र लावून जोडीनेच शिरायचे, एकट्याने कधीच नाही. बाहेर एकाने दोघांची आत जाण्याची वेळ लिहून घ्यायची आणि सिलिंडरमधल्या हवेचा हिशेब ठेवायचा. कागदावर तो सिलिंडर पाऊण तास चालतो. प्रत्यक्षात काळोखात भिंत चाचपत जिना चढताना आणि बेशुद्ध माणसाला ओढत उतरताना जवानाचा श्वास दुपटीने चालतो, आणि हवा संपत आल्याची शिटी अर्ध्या तासाच्या आत वाजू लागते. त्या क्षणी बाहेर दुसरी जोडी तयार नसेल, तर आत राहिलेल्या माणसाचे दैवच.

सहा जणांच्या तीन पाळ्या म्हणजे १८ माणसे. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की एका बंबामागे २२ ते २४ माणसे लागतात. आता छोट्या नगरपालिकेच्या केंद्रावर जाऊन पाहा. एक चालक आणि एक-दोन फायरमन सापडतील, तेही अनेकदा ठेकेदाराकडचे किंवा ठोक मानधनावरचे. पाळी बारा तासांची, माणूस आला नाही तर चोवीस तासांची. टंचाईत तोच चालक पाण्याच्या टँकरवर, गणपतीत विसर्जन घाटावर. अग्निशमनाचा अभ्यासक्रम केलेला अधिकारी नसेल, तर विभागाचा अतिरिक्त कार्यभार अभियंत्याकडे, नाहीतर स्वच्छता निरीक्षकाकडे.

अशा दोन-तीन माणसांच्या बंबाला आग लागलेल्या ठिकाणी लोक घेरतात. उशीर का केला, पाणी कसे संपले, असे विचारतात. साडेचार हजार लिटर पाणी एका होजवर जेमतेम दहा मिनिटे पुरते, हे त्या गर्दीला ठाऊक नसते. दुसरा बंब तालुक्याच्या गावाहून किंवा साखर कारखान्यातून निघालेला असतो. शिव्या मात्र हजर असलेल्या फायरमनला खाव्या लागतात. त्याला श्वसनयंत्राचा बीए सेट मिळाला आहे का, हेल्मेट मिळाले आहे का, गेल्या तीन महिन्यांचे मानधन मिळाले आहे का, हे कोणी विचारत नाही. ते आपण विचारायचे आहे.

बंब येतो आणि माणसे येत नाहीत, याची कारणे आहेत. बंब एकरकमी खरेदी आहे. निधी आला, निविदा निघाली, नारळ फुटला, की फोटो छापून येतो. माणूस मात्र निवृत्तीपर्यंतचा खर्च आहे. नगरपालिकेला नवे पद हवे असेल तर पदांचा आराखडा, म्हणजे आकृतिबंध, मंजूर व्हावा लागतो, तो मंत्रालयात जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. त्यात आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेलेला असेल तर भरतीच अडते. एखाद्या पालिकेला कारकून कमी चालतील, पण फायरमन कमी चालत नाहीत, हा फरक ही अट करत नाही. गेल्या काही वर्षांत काही महापालिकांना आरोग्य आणि अग्निशमनाच्या पदांसाठी ती शिथिल करून मिळाली. म्हणजे हे करता येते. मग जे मोठ्या शहरांना मिळाले ते तालुक्याच्या नगरपालिकेला न मागता का मिळू नये? अग्निशमनाची सर्व पदे या अटीतून कायमची वगळा आणि छोट्या पालिकांच्या फायरमनच्या पगाराचा भार राज्याने उचला, ही या आवाहनातली पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी खेड्यांसाठी आहे. सैन्य केंद्राचे, पोलीस राज्याचे, आणि महाराष्ट्रात आग विझवणे पालिकेचे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत नोंदली गेली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात रस्ते आहेत, बाजार आहेत, ग्रंथालये आहेत, अग्निशमन नाही. महाराष्ट्रातल्या २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आग लागली की कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? शेजारच्या पालिकेचा बंब येतो तो माणुसकीने, आणि तेवढा वेळ तिचे स्वतःचे गाव उघडे पडते. वीजतारांची ठिणगी पडून तोडणीला आलेला ऊस डोळ्यांदेखत जातो, गोठा जनावरांसह जातो, आणि पंचनाम्यासाठी तलाठी दुसऱ्या दिवशी येतो. प्रत्येक तालुक्याला, पालिकेची हद्द न पाहता, राज्याचे स्वतःचे अग्निशमन केंद्र हवे, आणि त्यावर राज्याच्या सेवेतली कायम माणसे हवीत.

दिल्लीहून पैसा आलाच नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपये राखले गेले, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये तशी योजना सुरू केली. नवी केंद्रे, प्रशिक्षण संस्था, आधुनिक साधने अशा कामांसाठी तो पैसा आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण अग्निशमन केंद्राची इमारत उभी राहिल्यावर तिच्यात रात्री झोप न घेता बसणाऱ्या माणसाचा दरमहाचा पगार राज्याच्या आणि पालिकेच्याच माथी राहतो. देशभरचे अग्निशमन अधिकारी घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. सांताक्रूझला राज्याची स्वतःची अग्निशमन अकादमी आहे. शिकवणारे आहेत, शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आहेत, आणि ती ठेकेदाराच्या दारात उभी आहेत.

माणसे नसली की केवळ आग विझवण्यात कसर राहते असे नाही. आग लागू नये म्हणून जी तपासणी व्हायला हवी, तीही होत नाही. राज्याचा आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचा असतो. तो दाखला खरा आहे का, जिन्याचा दरवाजा कुलूपबंद तर नाही, पंपाला वीज आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणारा अधिकारीच नसेल तर फायलीत कागद वाढतात, एवढेच. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात १७ बाळे होती. सातच बाहेर काढता आली, १० गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली, अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तपासणार कोण, हे आदेशात नसते.

आणि आता कर्तव्यावर असताना जे जवान जातात त्यांच्याविषयी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर दारूगोळा आणि कापूस एकत्र होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासाची इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. दलाचा प्रमुख स्वतः आत होता. अशा सेवेतल्या माणसाला ठोक मानधनावर ठेवण्याची मला लाज वाटते, आणि तुम्हालाही वाटावी असे मी मनापासून म्हणतो. १४ एप्रिलच्या आठवड्यात शाळेच्या मुलांना बंब दाखवायला जरूर न्या, पण पालिकेच्या सभागृहातही जा.

आता काम. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. विचारा: अग्निशमनाची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यातली कायम किती आणि कंत्राटी किती? बांधकाम परवानगीच्या वेळी घेतलेले अग्निशमन शुल्क गेल्या तीन वर्षांत किती जमले आणि त्यातले अग्निशमनावर किती खर्च झाले? वापरण्याजोगे बीए सेट किती? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर घेऊन नगरसेवकाकडे जा, वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडे जा, गृहनिर्माण संस्थेच्या आणि व्यापारी संघाच्या बैठकीत ते वाचून दाखवा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर ग्रामसभेत तालुका अग्निशमन केंद्राचा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि प्रत आमदार व जिल्हाधिकाऱ्यांना पोहोच घेऊन द्या. आमदार भेटला की एकच प्रश्न विचारा: या अधिवेशनात अग्निशमनाच्या पदांवर तुम्ही काय मागितले?

"निधी नाही" असे उत्तर येईल. तेव्हा भांडू नका. आकृतिबंधाचा प्रस्ताव शासनाकडे कोणत्या तारखेला गेला ते विचारा आणि त्याची जावक क्रमांकासह प्रत मागा. प्रस्ताव गेलाच नसेल तर तो पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणायला लावा. गेला असेल तर ती प्रत घेऊन पाच-पन्नास जणांच्या सह्यांनिशी नगरविकास विभागाला लिहा, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला लिहीत राहा.